बचावफळीचा निकाल

पोलादपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय बुद्धरत्न,
जय भीम.

“हाय रे मागं, हाय!”

आज सकाळी अंगणात ऊन खात बसलो होतो आणि सोमाची ही हाळी इतकी लख्ख ऐकू आली, की मी मान वळवून बघितलं. मागे कोण असणार? शेवग्याचं झाड आणि सुनेने, नूतनने, वाळत घातलेली चादर. कानात यंत्र घातल्यापासून बाहेरचे आवाज मला डब्यात खडे हलवल्यासारखे येतात. आतले मात्र स्वच्छ येतात.

तुला आठवतं ना? महाडच्या शाळेचं नदीकाठचं मैदान, सकाळचं धुकं, आणि गोलात सोमा. डोंगरावरच्या गवळटेप वाडीतला. धुक्यात गुरं राखणारी ती माणसं एकमेकांना सारखी हाळी देत राहतात, कडा कुठे आहे आणि माणूस कुठे आहे ते कळावं म्हणून. सोमा तीच सवय घेऊन गोलात उभा राहायचा. चेंडू पार समोरच्या टोकाला असला तरी याचं चालूच, “हाय रे मागं, हाय!” तू आणि मी फुलबॅक. आपण कधी मागे वळून बघितलं नाही. बघायचं कशाला? मागे सोमा होता.

गवळटेपावर दरड आली तेव्हा तुला कळवलं होतं. सोमा गेला, त्याचा मुलगा-सून गेले, निम्मी वाडी गेली. ते दिवस परत लिहीत नाही. त्यातली एकच गोष्ट अजून जिवंत आहे, ती सांगतो. छावणीतल्या पोरांसाठी मी एक कविता रचली होती. चारच ओळी. माझ्या आयुष्यात छापून काही आलं नाही, पण त्या चार ओळी दरडग्रस्तांच्या पत्र्याच्या वसाहतीतली पोरं अजून प्रार्थनेनंतर रोज म्हणतात. कवीला आणखी काय हवं? हसू नकोस. तू हसतोयस हे मला माहीत आहे.

आता कामाचं. गेल्या रविवारी महाडला फुटबॉलच्या चषकाचा उपांत्य सामना झाला, आपलं पोलादपूर विरुद्ध खेड. मी मंडपात पुढच्या खुर्चीवर होतो. लाउडस्पीकरने यंत्रात शिट्टी वाजते, म्हणून ते काढून खिशात ठेवलं होतं. शांततेत खेळ फार सुंदर दिसतो, रत्ना. आपली बचावफळी पूर्वार्धात अशी खेळली, की जणू शार्दूलविक्रीडित! गण जागच्या जागी, यती जागच्या जागी. एका गोलने आपण पुढे होतो. आणि उत्तरार्धात अचानक यतिभंग झाला. नक्की काय झालं ते मला कळलंच नाही, मी क्षणभर आभाळातल्या बगळ्यांकडे बघत होतो. खाली बघतो तर गोल. मग आणखी दोन. तीन-एकने हरलो.

आता गावात बोंब अशी, की मागच्या चौघांनी आणि गोलीने मॅच विकली. फुटबॉल मंडळाचा कुशाबा, तो तुडीलचा, रस्त्यात मला म्हणाला, “गुरुजी, तुमची पोरं खेडवाल्यांची बिर्याणी खाऊन आली हायत.” त्या चौघांपैकी तिघांना इथल्या एका कारखान्याच्या संघात घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. संघात घेणं म्हणजे नोकरीच. ते आता अडकलं आहे.

मी सभेत उभा राहून सांगितलं, की निकाल बाहेरच्या माणसाने द्यावा. कोल्हापुरात माझा एक मित्र आहे, चाळीस वर्षं पंचगिरी केलेला, बचावातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि तो बापाचीही भीड ठेवत नाही. त्यांनी मानलं. पोरं कोण, कुणाची, कुठली, हे मी तुला सांगणार नाही. निकाल आंधळा हवा. तू फक्त खेळ बघ. गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय तो व्हिडिओ नूतन तुझ्या नातीला पाठवेल.

आणि माझ्यावरचा डाग नको म्हणून मी आणखी एक शब्द दिला आहे. तुझं पाकीट मी घरी फोडणार नाही. दोन फेब्रुवारीच्या सभेत, सगळ्यांसमोर फोडीन आणि मोठ्याने वाचीन.

तुझा,
आबाजी

—

कोल्हापूर
२१ जानेवारी २०२५

प्रिय आबाजी,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र म्हणजे एक शेर कामाचं आणि चार शेर बगळे. मास्तर, फुटबॉलला वृत्त नसतं. फुटबॉलला दोन बाजू असतात आणि एक चेंडू. ज्याने चेंडूकडे बघायचं सोडलं त्याला बाकी काय दिसतं याला किंमत नाही. हे मी तुलाही शाळेत सांगत होतो.

पण तू काम दिलंस, ते मी नीट केलं आहे. व्हिडिओवर कुणीतरी डोकं उठवणारं गाणं चढवलं आहे. प्रियदर्शिनीला, म्हणजे नातीला, आवाज पूर्ण बंद करायला लावला आणि शांतपणे पाहिलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सभेत वाचायचं आहे, म्हणून सरळ लिहितो.

पूर्वार्ध. बचाव उत्तम. चौघे एका दोरीत बांधल्यासारखे पुढे-मागे होतात. चार नंबरचा जो पोरगा मधे उभा आहे तो चेंडू येण्याआधी जागेवर असतो. डावा बॅक उजव्या पायाने कच्चा आहे, पण चार नंबर ते ओळखून त्याच्याकडे झुकून राहतो. हे शिकवून येत नाही. गोली अंगाने लहान, पण न घाबरता बाहेर येतो. आणखी एक विशेष. ही पोरं मागे वळून बघत नाहीत. त्यांचा गोलीवर विश्वास आहे. इथल्या पेठांच्या संघांत सुद्धा एवढी शिस्त क्वचित दिसते.

उत्तरार्ध. आता ऐका. खेडचा थ्रो होता, मैदानाच्या मध्याजवळ. धोका काहीच नाही. चार नंबर एकाएकी थांबतो. चेंडूकडे पाठ करतो. तोंड स्वतःच्या गोलकडे, आणि मान वर. गोलच्या मागे डोंगर आहे, तिथे काय घारी मोजत होता? बाकी तिघेही त्याच क्षणी तसेच. मग चार नंबर धावत गोलात जातो, गोलीचा हात धरतो आणि त्याला ओढत डाव्या बाजूने मैदानाबाहेर नेतो. बाकीचे तिघेही आडवे, डावीकडेच. खेडचा पुढचा खेळाडू स्वतःच गोंधळून उभा राहिला आहे, बघा. मग त्याने चालत जाऊन चेंडू रिकाम्या गोलात ढकलला.

मी खूप सामने पाहिले. पोरं घाबरतात, थकतात, भांडतात. पण घाबरलेला माणूस सैरावैरा पळतो, एक इकडे तर एक तिकडे. ही पाच जणं एकाच वेळी वळली, एकाच बाजूला पळाली, आणि एकाने दुसऱ्याचा हात धरला. हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी शिकवलेलं आहे, आणि पोरांनी ते घोटून पाठ केलं आहे.

त्यानंतरच्या दोन गोलांबद्दल लिहीत नाही. तेव्हा ती पोरं मैदानात नव्हतीच, नुसते कपडे उभे होते.

माझा निकाल असा. हा बचाव वाईट खेळला नाही. हा बचाव विकलेला आहे. आणि त्याला कारण चार नंबर. एवढं चांगलं खेळता येणाऱ्या पोराने हे करावं याची मला जास्त चीड आली.

कठोर वाटलं तर माफ कर. तूच म्हणालास, भीड ठेवू नकोस.

तुझा,
बुद्धरत्न

—

पोलादपूर
४ फेब्रुवारी २०२५

बुद्धरत्न,

पाकीट सभेत फोडलं. शब्द पाळला.

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. चौघे पोरगे आणि गोली किरण पहिल्या रांगेत, आंघोळ करून, केस चापून बसले होते, जणू बक्षीस मिळणार होतं. संघाला शिकवणारा राजेंद्र दाराशी उभा. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. तुला माझी खोड माहीत आहे. समोर पोरं असली की मला नुसतं वाचताच येत नाही, मी म्हणून दाखवतो. तुझा पूर्वार्ध मी असा वाचला, की हॉलमध्ये टाळी पडली. चार नंबर खाली मान घालून हसला. त्याच्या शेजाऱ्याने त्याला ढोपर मारलं.

मग उत्तरार्ध. दुसऱ्याच वाक्याला मला पुढचं दिसलं. डोळे पुढे धावतात ना, जीभ मागे राहते. मी थांबलो. कुशाबा म्हणाला, “वाचा गुरुजी. शब्द दिलाय तुम्ही.” मी वाचत गेलो. आवाज मात्र तोच राहिला, म्हणून दाखवायचा. तो मला बदलताच आला नाही. चाळीस वर्षांची सवय.

“विकलेला” या शब्दापाशी घसा बसला. चार नंबर उठला. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून घेऊन आला. म्हणाला, “गुरुजी, पानी घ्या. घसा सुकलाय तुमचा.” मी पाणी प्यायलो. त्याने पेला परत नेऊन माठावर पालथा घातला आणि तो दाराबाहेर गेला.

तेव्हापासून तो घरी आलेला नाही. घरी म्हणजे माझ्या घरी, रत्ना. तुला आता सांगतो. चार नंबर चंदन आहे, सोमाचा नातू. दरडीनंतर त्याचं कुणी उरलं नाही, तो माझ्याकडेच राहतो. बाकीची पोरंही त्याच वाडीची. मी तुला हे लपवलं, कारण मला खात्री होती. मी माझ्या डोळ्यांनी पूर्वार्ध बघितला होता. तुझ्यासारख्या कडक माणसाने नावगाव न कळता त्यांना निर्दोष म्हणावं, एवढीच माझी हौस होती.

मंडळाने पाचही जणांना दोन वर्षं खेळायला बंदी केली. कारखान्याचा निरोप आला, दुसरी पोरं घेतली. आणि त्याच संध्याकाळी एसटी स्टँडवर एका टोळक्याने किरणला गाठलं. “बिर्याणी कशी होती रे?” असं विचारत मारलं. उजवं मनगट मोडलं आहे. गोलीचं मनगट.

मी बाकीच्या चौघांना विचारलं, राजेंद्रने विचारलं, आयांनी विचारलं. अरे, का वळलात? का पळालात? एकही पोरगा तोंड उघडत नाही. किरण भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

तुला दोष देत नाही. तू बघितलंस ते लिहिलंस.

आबाजी

—

कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

आबाजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग राग आला. तुझाच आला.

सोमाचा नातू! आणि तू मला ते सांगितलं नाहीस. निकाल आंधळा हवा म्हणे. लेका, आंधळा निकाल पंचाचा असतो, मित्राचा नसतो. ओळख असती तर मी खोटं लिहिलं असतं असं नाही. पण मी आधी विचारलं असतं, “अरे, त्या पोराला जवळ बसवून विचार, काय झालं?” तू मला एक मुका व्हिडिओ दिलास आणि मी त्याला वाचा फोडली. आणि तू ती सभेत म्हणून दाखवलीस. तिघांनी मिळून एक पोरगं घालवलं. तू, मी आणि मंडळ.

तरीही खेळाबद्दल मी लिहिलं ते मागे घेत नाही. मी परत पाहिलं. चौघे वळतात, आडवे पळतात, हात धरतात. हे शिकवलेलंच आहे. मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडू शकत नाही.

फक्त एक विचारतो, आणि ते तू त्यांना नाही, स्वतःला विचार. विकलेला खेळाडू चूक करतो, पाय घसरल्याचं सोंग करतो, लपवतो. कुणी असं सगळ्या गावासमोर गोल उघडा टाकून हातात हात घालून पळत नाही. इतका मूर्ख चोर मी पाहिला नाही. मग हे काय आहे? आणि डावीकडेच का? उजवीकडे का नाही? त्या मैदानाच्या डावीकडे काय आहे?

चंदनचा पत्ता लागला की लगेच कळव. पत्र नको, नूतनला फोन करायला सांग.

बुद्धरत्न

—

पोलादपूर
२४ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

डावीकडे काहीही नाही. मोकळं आहे. तेच उत्तर आहे.

क्रमाने लिहितो.

चंदनला शोधायला मी काल पत्र्याच्या वसाहतीत गेलो. वाटलं, आपल्या माणसांत कुठे लपला असेल. तिथे तुळजाबाई, किरणची आजी, दारात नाचणी पाखडत होती. मला बसायला पोतं दिलं. म्हणाली, “चंदन परवा आलेला, गुरुजी. किरणला घेऊन गेला. पोरगा प्लॅस्टरातच गेला.” कुठे, ते तिला ठाऊक नाही. वीर गावच्या एका रिक्षावाल्याने सांगितलं म्हणे, अशी दोन पोरं त्याने तिथल्या रेल्वे स्टेशनला सोडली. स्टेशन म्हटलं की रूळ आले; म्हातारीने सूप खाली ठेवलं.

आणि तेवढ्यात माझ्या पायाखालची जमीन हलली. यंत्र कानात होतं, पण ऐकू असं काही आलं नाही, नुसतं तळव्यांना कळलं. हायवेच्या कामाचा सुरुंग. पलीकडच्या डोंगराला रोज लावतात. महाड-पोलादपुरात आता कुणी त्याच्याकडे लक्षही देत नाही, जशी घड्याळाची टिकटिक.

वसाहतीत मात्र सगळं थांबलं. नळावरच्या बायका, गोट्या खेळणारी पोरं, खाटेवरचा म्हातारा. सगळ्यांनी एकदम तोंड डोंगराकडे केलं. मान वर. मग तुळजाबाईने माझा हात धरला, सत्तरीची बाई, आणि मला ओढत दोन शेडांच्या मधून डावीकडे नेलं. शेजारून पोरं पळत होती, हातात हात धरून, आणि तोंडाने म्हणत होती. मोठ्याने, प्रार्थनेच्या चालीत.

गडगड झाली डोंगरपोटी,
आधी नजर कर माथ्यावरती;
खाली नको रे, खाली माती,
आडवा पळ तू, हात घे हाती.

माझी कविता, रत्ना. माझ्या चार ओळी.

दरडीच्या दिवशी आवाज झाला तेव्हा माणसं न बघता उतारावरून खाली पळाली. सोमाही खाली पळाला. माती मागून आली. जी पोरं गुरांमागे बाजूला होती ती वाचली. छावणीत आलेले अधिकारी सांगत होते, आवाज झाला की आधी वर बघा, माती कुठून येते ते बघा, मग आडवे पळा, धाकट्याचा हात धरा. पोरांच्या डोक्यात ते राहीना. म्हणून मी यमक जुळवलं. घोटून घेतलं. रोज सकाळी, हावभावांसह. चंदन सगळ्यात पुढे उभा राहून म्हणवून घ्यायचा.

सामन्याच्या दिवशीही सुरुंग उडाला होता. राजेंद्रला विचारलं, तो म्हणाला, “उडाला असेल गुरुजी, रोजच उडतो.” त्यांच्या गोलमागे डोंगर. त्यांनी वर बघितलं. आडवे पळाले. चंदनने गोलीचा हात धरला, किरण पाचांत धाकटा. एकही ओळ चुकली नाही. तू लिहिलंस, हे कुणीतरी शिकवलेलं आहे. कुणी ते तुला आता कळलं. आणि मी पहिल्या खुर्चीत बसून, यंत्र खिशात ठेवून, बगळे बघत होतो.

मी तुळजाबाईला म्हटलं, “अगं, मग सभेत पोरं बोलली का नाहीत?” ती म्हणाली, “काय बोलणार, गुरुजी? सुरुंगाला भ्यालो म्हनून? जल्मभर हसली असती लोकं. चोर म्हनलेला परवडला. भित्रा म्हनलेला नाय परवडत त्या वयाला.”

मी कुशाबाकडे गेलो, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, वाईट माणूस नाही. म्हणाला, “गुरुजी, निकाल लागला, चषक वाटला गेला. आता कोन परत सभा घेनार? आनि कविता म्हनून गोल सोडला हे मी लोकांना कसा सांगू?”

राजेंद्रकडे मूळ व्हिडिओ आहे, गाण्याशिवायचा. नूतन पाठवते. तू बघ. मी बघू शकत नाही.

दोन्ही पोरांचा पत्ता नाही. पोलिसांत नोंद केली. तुझ्या निकालाचं पाकीट मी कपाटात जपून ठेवलं होतं, तेही सापडत नाही; परवा आम्ही बाहेरून आलो तेव्हा कपाट उघडं होतं, एवढंच नूतन म्हणते. हल्ली माझं सगळंच हरवतं.

आबाजी

—

कोल्हापूर
३ मार्च २०२५

प्रिय आबाजी,

काल दुपारी प्रियदर्शिनीने राजेंद्रचा व्हिडिओ लावला. या वेळी आवाजासकट.

सुरुवातीला लाउडस्पीकर, शिट्ट्या, कुणीतरी भेळवाला. आणि त्या सगळ्याच्या खालून, बारीक, न थांबता, “हाय रे मागं, हाय! हाय रे मागं, हाय!” मी खुर्चीत सरळ झालो. नात म्हणाली, “आजोबा, काय झालं?” मी तिला आवाज वाढवायला सांगितलं. तो गोली ओरडत होता, किरण. सबंध पूर्वार्धभर. मी लिहिलं होतं ना, ही पोरं मागे वळून बघत नाहीत, त्यांचा गोलीवर विश्वास आहे? कारण माझ्या कानांसमोर होतं आणि मी आवाज बंद करून बसलो होतो. आपण दोघे ज्या हाळीच्या जिवावर खेळलो तीच हाळी मी स्वतःच्या हाताने बंद केली आणि मग निकाल लिहिला. पंच म्हणे.

मग तो थ्रो आला. सुरुंगाचा आवाज मला ऐकूसुद्धा आला नाही. नातच म्हणाली, “आजोबा, इथं काहीतरी फुटलं.” परत लावलं. ‘धप्प’ असा, पोतं पडल्यासारखा. मंडपातल्या एकानेही मान वळवली नाही. आणि किरणची हाळी तिथे तुटली. चंदनची सुरू झाली. तो काय ओरडतोय ते मला आधी कळलं नाही. तुझं पत्र पुढ्यात ठेवून ऐकलं तेव्हा कळलं. तो चौथी ओळ म्हणतोय.

सुधारलेला निकाल सोबत वेगळ्या कागदावर लिहिला आहे, सही करून. तो तू सभेत वाच, नाहीतर कुशाबाच्या दारावर चिकटव. त्यात एवढंच आहे, की या बचावफळीने पूर्वार्धात गोल राखला आणि उत्तरार्धात गोली राखला, आणि दोन्ही वेळा जे घोटलं होतं ते बिनचूक केलं. मला ठाऊक आहे, याने मनगट जुळत नाही आणि नोकरी परत येत नाही. विकलेला हा शब्द तू एकदा हॉलभर म्हणून दाखवलास. कागदावरचा शब्द त्याच्या मागे कितीही धावला तरी त्याला गाठणार नाही. पण धावायला तर हवं.

तुझ्या कवितेबद्दल मी काही बोलणार नाही. ती चांगली आहे, एवढंच. माझ्याकडून हे पहिल्यांदा ऐकतोयस. ती चुकीच्या जागी लागू पडली यात तिचा काय दोष? उद्या खरीच माती आली तर ती पोरं तिच्यामुळेच जगतील. तू ती बंद करायला सांगशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. सांगू नकोस.

पोरांचं काही कळलं का? रत्नागिरीपर्यंतच्या स्टेशनांवर माझ्या ओळखीचे एक-दोन निवृत्त लोक आहेत, त्यांना फोन केले आहेत. कुणी पाहिलेलं नाही. नात म्हणते, रोज सकाळी मी पेपर उघडतो तो आतल्या, अपघातांच्या पानापासून. ती लहान आहे, का ते तिला कळत नाही.

थांब. दाराची कडी वाजते आहे. घरात मी एकटाच आहे, बघून येतो आणि मग पत्र बंद करतो.

—

आबाजी, हे उभ्यानेच लिहितो आहे, बैठकीच्या खिडकीवर कागद ठेवून.

दार उघडलं तर दोन पोरं. अंगावर प्रवासाची धूळ, ओठ फुटलेले. एकाच्या हातात माझंच पाकीट, घड्या पडून चिंधी झालेलं, मागच्या बाजूचा माझा पत्ता वर करून धरलेला. मी त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसा? इतक्या वेळा पाहिलं, पण व्हिडिओत मोक्याच्या क्षणी त्यांची पाठच दिसते. मी म्हटलं, “कोण पाहिजे?” आणि मग माझं लक्ष खाली गेलं. दुसऱ्याचा उजवा हात प्लॅस्टरात होता. पहिल्याने त्याचा डावा हात धरला होता, घट्ट, लहान पोराचा धरतात तसा.

मी म्हटलं, “चार नंबर?”

त्याने मान हलवली. आत या म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून, पाठ केल्यासारखं, न अडखळता म्हणाला, “गुरुजी म्हनतात, बचावातला तुमच्याइतका कुनाला कलत नाय. आमाला दुसरा काय नको. तवडा सांगा, मंग आमी जातो. तवा आमी काय करायचा होता?”